कामगार ‘चालेल’ म्हणाला, तरी सरकार मध्ये का पडतं?

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की गोव्यात घरोघरी छपराची गडबड सुरू होते. कौलं सारखी करायची, तडकलेले सिमेंटचे पत्रे बदलायचे, पन्हळीतला पाला काढायचा, गच्चीवर शेड घालायची. पाऊस तोंडावर असतो आणि माणूस मिळत नसतो. मिळाला की तो शिडी लावतो, चपला खाली काढतो आणि वर जातो. ‘सांभाळून रे,’ घरमालक खालून म्हणतो. ‘काय होत नाही साहेब, रोजचंच काम,’ वरून उत्तर येतं.

जुना सिमेंटचा पत्रा उन्हापावसाने ठिसूळ झालेला असतो. तो वाकून इशारा देत नाही, थेट फुटतो. म्हणून त्यावर आडव्या फळ्या टाकून चालायचं असतं आणि कमरेच्या पट्ट्याचा दोर एखाद्या पक्क्या वाशाला बांधायचा असतो. पण फळ्या आणायला टेम्पो लागतो, दोर बांधण्यात वेळ जातो, आणि काम तर दोघांनाही उरकायचं असतं.

इथे एक सरळ प्रश्न पडतो. दोघेही सज्ञान आहेत, मजुरी घासाघीस करून ठरली आहे, धोका दोघांना दिसतो आहे. मग यात सरकारचं काय काम? वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या कारखानदाराशी बोलत बसलं, तर तोही हाच प्रश्न जरा चिडून विचारतो. प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर नीट शोधलं की कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचे कायदे असे का आहेत हे बऱ्यापैकी उलगडतं.

पहिली गोष्ट, ठरवणारा एक असतो आणि पडणारा दुसरा. फळ्या आणायच्या की नाही हे ठेकेदार ठरवतो. न आणल्याने वाचलेले पैसे त्याच्याकडे राहतात. पत्रा फुटला तर कणा मात्र वर चढलेल्याचा मोडतो. त्या माणसाला १०८ ची गाडी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात नेते, तिथला खर्च सरकार म्हणजे तुम्ही-आम्ही करतो. काही आठवड्यांनी त्याला गाडीत बसवून झारखंडला, ओडिशाला किंवा उत्तर कर्नाटकात घरी पाठवलं जातं. पुढची वीस वर्षं त्याची बायको मजुरीला जाते, मोठी मुलगी शाळा सोडते. ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात यातला एकही रुपया नसतो. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात: निर्णय घेणाऱ्याच्या खिशाला न लागणारा, पण कुणाच्या तरी खिशाला नक्की लागणारा. गोव्यात तर हा खर्च बऱ्याचदा राज्याबाहेरच जातो, त्यामुळे आपल्याला तो दिसतही नाही. सुरक्षिततेचे नियम पहिलं काम हे करतात की हा खर्च ओढून परत निर्णय घेणाऱ्याच्या दारात आणून ठेवतात.

दुसरी गोष्ट, ‘चालेल’ या शब्दामागे किती मोकळीक असते? नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाने फळ्या मागितल्या तर ठेकेदार शेजारच्याला हाक मारतो. कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक कलम होतं: भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कामगाराने केला, तर तेवढ्यापुरता तो करार रद्दबातल. सही असो, अंगठा असो, साक्षीदार असोत, त्याला किंमत शून्य. घर विकायला, नोकरी सोडायला तुम्ही मोकळे आहात. पण अपघाताच्या भरपाईवर आधीच पाणी सोडायला मोकळे नाही. सुरक्षिततेचे कायदे याच खांबावर उभे आहेत. यंत्राचा फिरता पट्टा झाकलेला हवा म्हणजे हवाच. कामगाराला उघडा चालत असेल तरी.

तिसरं कारण मालकलोकांना पटायला हवं, पण ते सहसा सांगितलंच जात नाही. म्हापशात एका तीन मजली इमारतीला रंग द्यायचा आहे असं धरा. एक ठेकेदार लोखंडी पायपांची पहाड (परांची) बांधणार, जाळी लावणार, पट्टे देणार. दुसरा बांबू आणि सुतळीवर भागवणार. दोघांची कोटेशनं सोसायटीच्या बैठकीत येतात आणि स्वस्त ते पास होतं. पहिला ठेकेदार भला माणूस आहे म्हणून त्याचं काम गेलं. असं तीनचार वेळा झालं की तोही सुतळी विकत घेतो. सगळ्यांना एकच किमान पायरी बंधनकारक केली, तर जो मुळातच नीट काम करतो त्याला चोरट्या स्पर्धेपासून आडोसा मिळतो. नियमाची झळ लागते ती सुतळीवाल्याला. म्हणून ‘नियम उद्योगाच्या विरोधात’ हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, नेमक्या कुठल्या उद्योगाच्या?

चौथं कारण माझ्या मते सगळ्यांत वजनदार आहे, आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं. उंची डोळ्यांना दिसते, धूळ फुप्फुसात गेलेली दिसत नाही. ग्रॅनाइट किंवा टाइल कोरडी कापली की जी पांढरी भुकटी उडते तिच्यात सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात रुततात, तिथे व्रण धरतात, आणि सिलिकोसिस बहुधा दहा-पंधरा वर्षांनी अंगावर येतो. त्यावर बरं करणारं औषध नाही. तोवर त्या कामगाराने कितीतरी ठेकेदार बदललेले असतात. भरपाई कुणाकडे मागायची? कुठल्या इमारतीच्या कुठल्या फरशीने त्याचं फुप्फुस गेलं? बाजार इथे पूर्ण हात टेकतो. उपाय मात्र हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे: कापताना पाण्याची धार सोडायची, धूळ फारशी उडत नाही. आजार झाल्यावर दोषी शोधता येत नाही म्हणून कायदा आजाराची वाट पाहत नाही, धुळीवरच मर्यादा घालतो. आवाजाचंही असंच. भारतातल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही सीमा आहे, कारण कानांनी हळूहळू घेतलेला निरोप कामगाराच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. घरचे ‘टीव्हीचा आवाज कमी कर’ म्हणायला लागले की कळतं.

याचा पसारा केवढा आहे ते आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ च्या अंदाजातून दिसतं. जगात कामामुळे दरवर्षी सुमारे २९ लाख माणसं मरतात. त्यातले अपघाताने गेलेले साधारण ३ लाख ३० हजार. बाकीचे जवळपास २६ लाख आजारांनी. वर्तमानपत्रात येतात ते पहिले. दुसरे घरी अंथरुणावर जातात आणि मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं नाव एवढंच लिहिलेलं असतं.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. काजूच्या टरफलात एक जहाल तेल असतं. कातडीला लागलं की भाजल्यासारखं पोळतं, साल निघते. काजू फोडणाऱ्या बायकांचे हात ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या त्या हाताला तेल किंवा राख चोळून बसत आल्या. म्हणजे धोका माहीत होता, उपायही आपापला शोधलेला होता, आणि हात तरीही जात होते. ज्याला धोका कळतो त्याच्या हातात तो टाळण्याची साधनं असतातच असं नाही.

आता थोडं मागे जाऊ. भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याची जन्मकथा तितकीशी सोज्वळ नाही. मुंबईतल्या कापड गिरण्यांत सात-आठ वर्षांची पोरं राबत होती हे खरं. पण या गिरण्यांच्या स्वस्त मालाने लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात गोळा आला होता हेही तितकंच खरं. कायद्यासाठी तिकडून जो रेटा लागला त्यात करुणा किती आणि धंदा किती, यावर आजही वाद घालता येईल. कायदाही बेताचाच होता. शंभर किंवा जास्त कामगारांच्या गिरण्यांना लागू, सात वर्षांखालच्या मुलांना मनाई, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास. चहाकॉफीचे मळे आणि निळीचे कारखाने बाहेरच. पण एकदा ‘कारखान्यात काय चालतं ते बघायचा सरकारला अधिकार आहे’ हे कागदावर आल्यावर कामगारांना पुढचं मागायला जागा मिळाली. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचं निवेदन दिलं, आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. आज आपण रविवारी मासळी बाजारात निवांत फिरतो त्या सुट्टीमागे हा माणूस आहे. विश्रांती हीसुद्धा सुरक्षिततेचीच बाब. थकलेला हातच यंत्रात जातो.

१९४८ चा कारखाने अधिनियम हा स्वतंत्र भारताचा मोठा कायदा. मुक्तीनंतर तो गोव्यालाही लागू झाला. त्याच्या मूळ स्वरूपात मात्र एक मोठी फट होती, आणि ती दिसली २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री, भोपाळमध्ये. मिथाइल आयसोसायनेट वायू कारखान्याचं कुंपण ओलांडून वस्तीत गेला. लोक अंधारात धावत सुटले. ओलं फडकं तोंडावर धरायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नेमका कुठला वायू आहे ते वेळेवर कळलं नाही. हजारो माणसं गेली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात एक पूर्ण नवं प्रकरण घातलं गेलं. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखानदाराने आपल्याकडे काय साठवलंय, त्याचे धोके काय, गळती झाली तर काय करायचं हे कामगारांना, निरीक्षकाला, स्थानिक संस्थेला आणि आजूबाजूच्या जनतेलासुद्धा सांगायचं. या शेवटच्या तीन-चार शब्दांसाठी फार मोठी किंमत मोजावी लागली.

हे दूरच्या भोपाळचं प्रकरण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१८ च्या जानेवारीत चिखली येथे उलटलेला अमोनियाचा टँकर आठवावा. वास्कोजवळच्या त्या भागातल्या लोकांना अपरात्री घरं सोडावी लागली होती. किंवा २०२३ च्या जानेवारीत पिळर्ण औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्याला लागलेली आग, जिचा काळा धूर पर्वरीपर्यंतच्या लोकांनी पाहिला आणि शेजारच्या वस्तीला हलवावं लागलं. गोवा एवढासा आहे की इथे कारखान्याच्या भिंतीला लागून कुणाचं तरी घर, शाळा किंवा कपेल (छोटं प्रार्थनाघर) असतंच.

नियम आखताना विचार कसा करतात हेही पाहू, कारण ‘सुरक्षितता’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिवळं हेल्मेट येतं. हेल्मेट हा शेवटचा उपाय. आधी विचारायचं की धोका मुळातूनच काढता येईल का. नसेल तर कमी धोक्याचा पदार्थ किंवा पद्धत वापरता येईल का. तेही नसेल तर यंत्राला कठडा, धूर ओढणारा पंखा, आवाज अडवणारी भिंत. मग कामाची पद्धत: परवाना, पाळी, प्रशिक्षण. इतकं करूनही जो धोका उरतो त्याच्यासाठी हेल्मेट, हातमोजे, मास्क. आपल्याकडे ही शिडी उलटी चढतात. कामगाराच्या हाती मास्क दिला, फोटो काढला, फाइल बंद. वेर्ण्याच्या दुपारच्या उकाड्यात, दमट हवेत तो मास्क आठ तास तोंडावर ठेवून दाखवा म्हणावं. मास्क कामगाराच्या शिस्तीवर अवलंबून असतो, पंखा नसतो. पाय घसरेल, लक्ष उडेल, झोप येईल हे गृहीत धरूनच चांगला नियम लिहिलेला असतो.

याचं सगळ्यांत क्रूर उदाहरण म्हणजे बंद टाकी. सेप्टिक टँक, विहीर, रसायनाची टाकी, बार्जच्या तळातले बंद कप्पे. मांडवी-जुवारीत फिरणाऱ्या बार्जचं, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीचं पोलाद आतून गंजतं, आणि गंजताना हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. कप्पा कोरडा, स्वच्छ, वास नाही, धूर नाही; पण हवेत २१ टक्के असायला हवा तो प्राणवायू पार खाली आलेला. आत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास म्हणून तो ओळखू येतो, मात्र प्रमाण वाढलं की नाकाची वास घ्यायची शक्तीच मारतो. माणसाला वाटतं, वास गेला म्हणजे वायू गेला. वरून सोबती बघतो, आत उडी घेतो, तोही जातो. मग तिसरा. अशा बातम्यांत मेलेल्यांमध्ये वाचवायला उतरलेलेच बरेच असतात.

इथे शूरपणा मदतीला येत नाही, कागद येतो. प्रवेशाचा लेखी परवाना: हवा मापकाने तपासली का, टाकीला येणारे पाइप बंद करून कुलूप लावलं का, वर एक माणूस उभा आहे का, त्याला ‘आत उतरायचं नाही, फक्त दोर ओढायचा’ हे पक्कं माहीत आहे का. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा गटार आणि सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं हा गुन्हाच मानतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपयांपर्यंत नेली. हॉटेलचा मॅनेजर किंवा सोसायटीचा सचिव ‘उतर रे खाली, पटकन बघून ये’ म्हणतो, तेव्हा तो काय सांगतोय हे त्याला माहीत असायला हवं.

मग हे सगळं बघतं कोण? गोव्यात कारखान्यांसाठी आल्तिनोला कारखाने आणि बाष्पक निरीक्षणालय आहे. कारखान्याच्या नकाशाला मंजुरी, बॉयलरची तपासणी, अपघाताची चौकशी ही त्यांची कामं. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या खाणी मात्र केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, ज्याचं मुख्यालय धनबादला. मुरगाव बंदरातल्या गोदी कामगारांसाठी परवापरवापर्यंत १९८६ चा वेगळा कायदा होता, बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा वेगळा. हॉटेल आणि दुकानं कामगार आयुक्तांकडे, आग म्हटली की अग्निशामक दल, बांधकाम परवाना पंचायतीचा. प्रत्येक खात्याच्या चौकटीला अर्थ आहे. अडचण चौकटींच्या मधल्या जागेत होते.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडेच्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ जण गेले. देशभर ती पर्यटन हंगामातली दुर्घटना म्हणून गाजली. पण मेलेल्यांमध्ये बहुसंख्य तिथले कर्मचारी होते, परराज्यांतून आणि नेपाळमधून पोटासाठी आलेले. धुराने कोंडलेल्या तळघरातून त्यांना बाहेर पडता आलं नाही. म्हणजे ही मुळात कामाच्या जागेवरची दुर्घटना होती. गिऱ्हाइकासाठी दरवाजे कुठे आहेत हे आपण विचारतो. भांडी घासणाऱ्यासाठी मागचा दरवाजा आहे का, तो उघडतो का, हे कुणी विचारतं का? न्यूयॉर्कमध्ये १९११ साली शिलाईच्या एका कारखान्यात १४६ कामगार गेले होते, बहुतेक तरुण मुली. एक दार कुलूपबंद होतं. शंभराहून जास्त वर्षं झाली, बाहेर पडायच्या वाटेचा धडा तोच आहे.

कुटबण जेटीचंही तसंच. २०२४ च्या पावसाळ्यात तिथे ट्रॉलरवरच्या खलाशांमध्ये कॉलरा पसरला. बोटीवरच राहणं, बोटीवरच जेवण, पुरेशी शौचालयं नाहीत, पिण्याच्या पाण्याची नीट सोय नाही. जेटी ही त्या लोकांची कामाची जागा आणि घरही. पिण्याचं पाणी आणि संडास यांबद्दलची कलमं कारखाने अधिनियमात १९४८ पासून होती. वाचताना ती किरकोळ वाटतात. कुटबणने ती किरकोळ नाहीत हे दाखवलं. आपल्या ताटात येणारा बांगडा कुणी आणि कुठल्या परिस्थितीत पकडला, हा प्रश्न मासळीच्या दरावर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या समाजात फारसा ऐकू येत नाही.

आता नव्या कायद्याकडे. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता संसदेने २०२० मध्ये मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. कारखाने, खाणी, गोदी, बांधकाम, कंत्राटी कामगार असे तेरा केंद्रीय कायदे तिने पोटात घेतले. तेरा वेगवेगळ्या कायद्यांच्या तेरा नोंदवह्या ठेवण्यापेक्षा एक बरी, यावर वाद नसावा. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र आणि ठरवलेल्या गटांतल्या कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी या दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पत्र नसेल तर अपघातानंतर ‘हा आमचा माणूसच नव्हे’ म्हणायला कुणाला किती वेळ लागतो! नियमभंगामुळे मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड किंवा दोन्ही. आणि दंडातला निदान अर्धा भाग मृताच्या वारसांना द्यावा असं न्यायालय सांगू शकतं. पूर्वी दंड सहसा सरकारजमा व्हायचा.

खटकणाऱ्या बाबीही आहेत. कारखाना कशाला म्हणायचं याची सीमा वर गेली: वीज वापरणाऱ्या युनिटला दहाऐवजी वीस कामगार, बिनविजेच्या युनिटला वीसऐवजी चाळीस. गोव्याच्या औद्योगिक वसाहतींत दहा-पंधरा माणसांवर चालणारी वर्कशॉपं भरपूर आहेत. संहितेचे सर्वसाधारण नियम दहा कामगारांपासून लागू होतात आणि जिवावरच्या धोक्याचं काम असेल तर एका कामगाराच्या जागेलाही सरकार ते लागू करू शकतं, हे खरं. पण ‘करू शकतं’ आणि ‘केलं’ यांत बरंच अंतर असतं. निरीक्षकाचं नावही बदललं, तो आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला. सल्ला द्यावा, मार्ग दाखवावा हे चांगलंच. मात्र ज्याने दंड करायचा त्यालाच मदतनीस बनवलं की तो दोन्हीपैकी सोपं काम आधी करणार, अशी माझी शंका आहे.

निरीक्षकाविषयीची कुरकुर पूर्ण खोटी नाही. फाइलवर सही हवी तर ‘काहीतरी’ द्यावं लागतं असं छोटे उद्योजक सांगतात, आणि ते सगळे खोटं बोलतात असं मानायचं कारण नाही. पण त्यावरून तपासणीच नको हा निष्कर्ष निघत नाही. कॅलिफोर्नियात यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या कारखान्यांची अचानक तपासणी झाली तेव्हा काय घडलं, याचा अभ्यास २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. तपासणी झालेल्या ठिकाणी दुखापती ९.४ टक्क्यांनी कमी झाल्या, त्यांच्यावरचा खर्च २६ टक्क्यांनी घटला, आणि नोकऱ्या किंवा धंदा कमी झाल्याचं काही दिसलं नाही. अमेरिकेत १९७० मध्ये कामावर दिवसाला सरासरी ३८ माणसं मरत, २०२३ मध्ये १५. यातला काही वाटा गिरण्या-खाणी जाऊन कार्यालयं वाढल्याचा आहे, हे मान्य. उरलेला वाटा मात्र आपोआप आलेला नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः कामगार असेल, तर एक हक्क लक्षात ठेवण्यासारखा आहे. जिवाला किंवा प्रकृतीला तातडीचा धोका आहे असं सयुक्तिक वाटलं तर ते मालकाला, सुरक्षा समितीला किंवा निरीक्षकाला कळवायचा अधिकार संहिता देते, आणि धोका खरा असेल तर मालकाने लगेच उपाय करायचा असतो. तोंडी सांगू नका. व्हॉट्सॲपवर फोटोसकट पाठवा, तारीख आपोआप पडते. अपघात झाला तर छोटा असला तरी नोंदवहीत लिहून घ्या. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनीला ईएसआय (राज्य कामगार विमा) लागू असेल, तर आपला विमा क्रमांक आधीच मागून ठेवा. मडगावच्या इस्पितळात पोहोचल्यावर तो शोधत बसण्याची वेळ नको. ईएसआय नसेल तर भरपाईचा दावा साधारण दोन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि ‘शेट बघून घेतो म्हणालाय’ या भरवशावर ती दोन वर्षं फार पटकन जातात.

या सगळ्या जाळ्याबाहेर अजून बरेच लोक आहेत. माडावर चढून नारळ काढणारा पाडेली आणि सूर काढणारा रेंदेर स्वतःच्या नावावर काम करतात, त्यांना मालकच नाही. भर पावसात पर्वरीच्या चढावर जेवणाचं पार्सल घेऊन स्कूटर हाकणारा मुलगा ॲपच्या लेखी ‘भागीदार’ आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने अशा गिग कामगारांची व्याख्या केली आहे, विम्याची भाषाही केली आहे. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेच्या संहितेत मात्र त्याला जागा नाही. त्याची कामाची जागा म्हणजे रस्ता, आणि दहा मिनिटं उशीर झाला तर काय होईल हे ठरवणारा माणूस गोव्यात नसतोच.